शिंगाचा कर्करोग आणि पशुवैद्यकीय विशेषज्ञाचे कार्य : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

१. संज्ञानिश्चय

पाळीव प्राण्यांच्या कर्करोगावरील उपचारात पशुवैद्यकीय विशेषज्ञाचे कार्य कोणते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. विवेचनाचे क्षेत्र यवतमाळ जिल्हा हे आहे. प्रश्न सार्वत्रिक असला तरी त्याचे उत्तर सार्वत्रिक नाही. कारण प्राणी कोणता, कर्करोग कोणता आणि विशेषज्ञ कोण या तिन्ही गोष्टी प्रदेशपरत्वे बदलतात. म्हणून प्रथम या तीन संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे.

'पाळीव प्राणी' म्हटले की शहरात कुत्रा आणि मांजर यांचा बोध होतो. यवतमाळात ती संज्ञा एवढी संकुचित करता येत नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात कापूस हे मुख्य पीक. वखरणी, तिफणीची पेरणी आणि उभ्या पिकातील डवरणी ही कामे आजही मोठ्या प्रमाणावर बैलजोडीने होतात. ज्याला नाव आहे, ज्याचा गोठा घराला लागून आहे आणि ज्याच्या आजारपणात घरातली माणसे रात्री उठून त्याला पाहून येतात, असा प्राणी येथे प्रथमतः बैल होय. म्हणून या विवेचनात पाळीव प्राण्यांचे दोन वर्ग मानले आहेत : श्रमाचा प्राणी, म्हणजे बैल, आणि सोबतीचा प्राणी, म्हणजे कुत्रा व मांजर. भर पहिल्या वर्गावर आहे. दुसऱ्याचा विचार तुलनेसाठी आणि एका स्वतंत्र कारणासाठी पुढे केला आहे.

'अर्बुद' म्हणजे शरीराच्या नियंत्रणातून सुटलेल्या पेशींची वाढ. ती आपल्या मर्यादेत राहिली तर सौम्य. शेजारच्या ऊतकात शिरली आणि लसीकेच्या किंवा रक्ताच्या मार्गाने दूर जाऊन रुजली तर मारक. मारक अर्बुदालाच येथे 'कर्करोग' म्हटले आहे. हा भेद डोळ्यांनी पाहून बहुधा ठरत नाही, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. पुढील विवेचनाचा बराच भाग तिच्यावर उभा आहे.

'विशेषज्ञ' ही संज्ञा सर्वांत अवघड आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियमानुसार मान्य पदवी घेऊन नोंदणी केलेली व्यक्ती ही पशुवैद्यक होय. त्यापुढे एखाद्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यास व्यवहारात विशेषज्ञ म्हणतात. परंतु या शाखांची रूढ विभागणी शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र, औषधचिकित्सा, विकृतिशास्त्र, प्रजननशास्त्र अशी आहे. तीत कर्करोग ही स्वतंत्र शाखा नाही. मानवी वैद्यकात ज्याला कर्करोगतज्ज्ञ म्हणतात, त्याच्याशी समांतर असा मनुष्य यवतमाळात शोधू गेल्यास सापडणार नाही. यावरून येथे विशेषज्ञताच नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. कर्करोगाविषयीची विशेषज्ञता हे एका व्यक्तीचे पद नसून क्रमाने करावयाच्या चार कार्यांचा समूह आहे : (१) शंका घेणे, (२) निश्चिती करणे, (३) साध्यासाध्य ठरवून उपचार करणे, (४) अनुवर्तन, म्हणजे उपचारानंतर रोग्याचा माग ठेवणे. ही चार कार्ये चार वेगळ्या व्यक्तींकडून, चार वेगळ्या गावी होऊ शकतात. त्यांपैकी एक जरी गळले तरी उरलेली तीन बव्हंशी व्यर्थ जातात.

२. रोगाचे स्वरूप

बैलाच्या कर्करोगांत शिंगाचा कर्करोग हा भारतीय पशुवैद्यकाला सर्वांत परिचित आहे. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र या भागांतून त्याच्या नोंदी वारंवार झाल्या आहेत. युरोपीय गोवंशात तो अत्यंत विरळ. खांद्यावर वशिंड असलेल्या भारतीय गोवंशात तो प्रामुख्याने आढळतो. त्यातही खच्ची केलेल्या, मध्यम वयाच्या, कामाच्या बैलांत तो सर्वाधिक असतो. गायींत कमी, वळूंत क्वचित, म्हशींत फारच क्वचित. पांढऱ्या-करड्या रंगाच्या आणि लांब शिंगांच्या जातींत, विशेषतः कांकरेजमध्ये, त्याचे प्रमाण अधिक सांगितले जाते. यवतमाळच्या शेजारच्या वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ जातीची शिंगे आखूड असतात. पण त्यावरून आखूड शिंगांचा बैल सुरक्षित आहे, असे अनुमान निघत नाही.

रोग समजण्यासाठी शिंगाची रचना समजली पाहिजे. शिंग हे तीन थरांचे असते. बाहेर कठीण, निर्जीव खोळ. तिच्या आत कपाळाच्या हाडाचा पुढे आलेला सजीव गाभा. आणि या गाभ्याच्या आत पोकळी. वासराच्या वयात गाभा भरीव असतो; पुढे तो पोकळ होतो आणि त्याची पोकळी कपाळाच्या हाडातील विवराला जाऊन मिळते. ते विवर नाकाला जोडलेले असते. या संपूर्ण पोकळीला आतून एक पातळ श्लेष्मल अस्तर असते. शिंगाचा कर्करोग या अस्तरात, बहुधा शिंगाच्या बुडाशी, उत्पन्न होतो. ऊतकदृष्ट्या तो शल्कपेशींचा कर्करोग आहे.

या रचनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, रोग आतून बाहेर येतो; म्हणून बाहेरून शिंग निरोगी दिसत असताना आत तो बराच वाढलेला असू शकतो. दुसरा, पोकळी नाकाला जोडलेली असल्यामुळे रोगाची पहिली उघड खूण शिंगावर न दिसता नाकपुडीत दिसू शकते. रोगट शिंगाच्या बाजूच्या नाकपुडीतून अधूनमधून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंगाच्या आजारासाठी नाक पाहावे लागते, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून पहिले काही आठवडे निसटतात.

३. अवस्थाभेद

रोगाच्या चार अवस्था मानता येतात. ही विभागणी या विवेचनाच्या सोयीसाठी केली आहे. प्रत्यक्षात एक अवस्था दुसरीत नकळत मिसळते.

पहिली अवस्था वर्तनाची. बैल वारंवार डोके झटकतो, एक शिंग खुंट्याला किंवा झाडाला घासतो, डोके एका बाजूला कलते धरतो. जुवाखाली मान देताना एरवी शांत असणारा बैल अंग चोरतो. दुसरी अवस्था स्थानिक खुणांची. शिंगाचे बूड उष्ण व दुखरे होते, तेथे किंचित सूज दिसते, त्या बाजूच्या नाकपुडीत रक्ताचा अंश येतो. तिसरीत गाभ्याचे हाड पोखरले जाते. शिंग सैल होऊन खाली वळते, कधी धक्का लागून गळून पडते, आणि बुडातून खडबडीत, सहज रक्त येणारी, दुर्गंधीयुक्त मांसल वाढ बाहेर दिसते. तिच्यावर माश्या बसतात आणि अळ्या पडतात. चौथ्या अवस्थेत रोग कानाखालच्या लसीकाग्रंथींत, कवटीच्या हाडात, क्वचित फुप्फुसात जातो, बैल खंगतो.

गावात 'शिंग सडले' असे जे म्हणतात ते तिसऱ्या अवस्थेचे वर्णन आहे. म्हणजे ज्या क्षणी रोगाला लोकव्यवहारात नाव मिळते, त्या क्षणी त्याचा सुखाने बरा होण्याचा काळ संपलेला असतो. यवतमाळच्या संदर्भात हेच मुख्य दुखणे आहे. त्यात मालकाची उदासीनता शोधणे अन्यायाचे होईल. पहिल्या अवस्थेतील प्रत्येक खूण सामान्य कारणानेही संभवते : गोचीड, कानातली जखम, दुसऱ्या बैलाशी झालेली झुंज. शिवाय ती डवरणीच्या दिवसांत दिसली तर जोडीतला एक बैल सोडणे म्हणजे शेत तणाच्या हवाली करणे होय.

४. हेतुविचार

रोगाचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. तथापि मांडल्या गेलेल्या कारणांचा बलाबलविचार करणे उपयुक्त आहे, कारण विशेषज्ञाला मालकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि तो प्रश्न बहुधा 'हे झाले कशाने?' असाच असतो.

पहिले मत सतत होणाऱ्या क्षोभाचे. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानावर डांबर वारंवार चोळून कर्करोग निर्माण केला, तेव्हापासून दीर्घ क्षोभ आणि कर्करोग यांचा संबंध विचारात घेतला जातो. बैलाच्या बाबतीत जू, वेसणीची शिंगांमागून जाणारी दोरी, झुंजीतील आघात, शिंगे तासणे आणि रंगवणे ही क्षोभाची स्थाने सांगितली जातात. या मताविरुद्ध एक आक्षेप आहे : यवतमाळात जू मानेवर असते, शिंगांवर नसते, आणि तासणे-रंगवणे सामान्यतः दोन्ही शिंगांचे होते, रोग मात्र बहुधा एकाच शिंगाला होतो. आक्षेप बलवान आहे, निर्णायक नाही. शिंग फार खोल तासले तर उष्णता आणि आघात यांपासून गाभ्याचे रक्षण करणारी खोळ पातळ होते, हे खरेच आहे.

दुसरे मत सूर्यप्रकाशाचे. गोवंशाच्या डोळ्याच्या शल्कपेशी-कर्करोगात सूर्यकिरणांचा वाटा मानला जातो. तेच कारण शिंगाला लावणे कठीण आहे. हा रोग ज्या अस्तरात सुरू होतो तेथे प्रकाश पोचत नाही. तिसरे मत अंतःस्रावांचे. खच्ची बैलांतील आधिक्य हा त्याचा आधार. पण येथे तुलना सदोष होण्याचा संभव आहे : बैल खच्चीही असतो, कष्टकरीही असतो आणि दीर्घकाळ पाळलाही जातो, वळू संख्येने थोडे आणि कामाला अपवादानेच लावलेले. तीन भेद एकाच वेळी असताना परिणाम एकाच भेदाच्या माथी मारता येत नाही. चौथे मत विषाणूचे. त्याला काही आधार मिळाले आहेत, सिद्धता मिळालेली नाही.

निर्णय असा : शिंगे खोल तासू नयेत आणि क्षोभकारक रंग लावू नयेत, हा सल्ला सावधगिरी म्हणून द्यावा, प्रतिबंधाची हमी म्हणून देऊ नये. जेथे कारण अनिश्चित असते तेथे प्रतिबंध दुबळा राहतो, आणि सारा भार लवकर ओळखण्यावर येतो.

५. पहिले कार्य : शंका

शंका घेण्याचे कार्य तालुक्याच्या किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्याचे आणि त्याच्या आधी पशुधन पर्यवेक्षकाचे आहे. त्याला कोणतेही महाग साधन लागत नाही. परीक्षेचा क्रम असा.

बैल सपाट जागी, शांत उभा करावा. समोरून दोन्ही शिंगांची दिशा पाहावी. मालकाला विचारावे की ती पूर्वीपासून अशीच होती काय. दोन्ही तळहात एकाच वेळी दोन्ही शिंगांच्या बुडाशी ठेवून उष्णतेचा भेद पाहावा. मग बोटाच्या पेराने किंवा लहान लाकडी दांड्याने आधी निरोगी शिंग आणि नंतर संशयित शिंग, बुडापासून टोकाकडे ठोकत जावे. पोकळ शिंगाचा आणि भरलेल्या शिंगाचा नाद यांत रिकाम्या आणि भरल्या घागरीएवढा भेद असतो. बोथट नाद आला, बैलाने डोके ओढून घेतले, तर शंका पक्की समजावी. शेवटी दोन्ही नाकपुड्या पांढऱ्या कापसाने पुसून कापूस उजेडात पाहावा. या सर्वांस काही मिनिटे लागतात.

शिंगाच्या टोकाकडे नाद नेहमीच बोथट असतो, कारण तेथे खोळ भरीव असते. म्हणून तुलना समान उंचीवर करावी लागते. अशा बारकाव्यांमुळे ही परीक्षा पुस्तकातून न शिकता हाताने शिकावी लागते. पदव्युत्तर शल्यचिकित्सकाने जिल्ह्यातील पर्यवेक्षकांना एका दिवसात ती शिकवावी. त्याने वर्षभरात केलेल्या कित्येक शस्त्रक्रियांपेक्षा तो एक दिवस अधिक बैल वाचवील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

६. दुसरे कार्य : निश्चिती

शंका म्हणजे निदान नव्हे. शिंग सैल होणे अस्थिभंगाने घडते, नाकातून रक्त जळवेनेही येते, विवरात पू साचल्यास नाद बोथट होतो. निश्चिती ऊतकपरीक्षेने, म्हणजे बायॉप्सीने होते आणि ती विकृतिशास्त्रज्ञाचे कार्य आहे. हा विशेषज्ञ मालकाला कधी दिसत नाही. त्यामुळे त्याचे महत्त्व सर्वांत कमी ओळखले जाते.

या कार्यात मुख्य दोष नमुना घेण्यात होतो. तुकडा वाढीच्या मध्यातून घेतला तर तेथे मृत आणि सडलेले ऊतक मिळते व अहवाल निरुपयोगी येतो. तो रोगट आणि निरोगी भागांच्या सीमेवरून घ्यावा, जाडी एक सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवू नये, आणि लगेच त्याच्या दसपट आकारमानाच्या दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकावा. यवतमाळच्या मे महिन्यात फॉर्मॅलिनविना ठेवलेला तुकडा काही तासांत परीक्षेस अपात्र होतो. बाटलीवर गाव, बैलाचे वय, बाजू आणि तारीख लिहावी.

यवतमाळपासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून तेथे आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही तेथेच आहे. पुसद, दिग्रस या बाजूस अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि उमरखेडच्या बाजूस परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय अधिक सोयीचे. आजारी बैल वाहनात चढवून एवढे अंतर नेणे खर्चाचे, आणि सैल शिंगाच्या बैलासाठी यातनेचेही आहे. नमुन्याची बाटली एसटीच्या पार्सलने जाऊ शकते. रोगी हलवण्याआधी नमुना हलवावा, हे या जिल्ह्यासाठी तत्त्व मानले पाहिजे.

७. तिसरे कार्य : साध्यासाध्यविचार आणि उपचार

आयुर्वेदाने रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे चार भेद केले आहेत. शिंगाच्या कर्करोगाला ही विभागणी नेमकी लागू पडते. पहिल्या दोन अवस्था सुखसाध्य, तिसरी कृच्छ्रसाध्य. चौथी, ग्रंथीपुरती असेल तर याप्य, म्हणजे आटोक्यात ठेवता येण्याजोगी. कवटीचे हाड व्यापले असेल तर प्रत्याख्येय. विशेषज्ञाची विशेषज्ञता करवत चालवण्यात जेवढी आहे त्याहून अधिक या निर्णयात आहे. प्रत्याख्येय बैलावर शस्त्रक्रिया करणे आणि सुखसाध्य बैलाला नुसते प्रतिजैविक देऊन परत पाठवणे, हे दोन्ही सारखेच दोष होत.

मुख्य उपचार शिंगाचे समूळ छेदन हाच आहे. बैलास सुमारे चोवीस तास चारा देत नाहीत, कारण आडव्या पाडलेल्या रवंथी प्राण्याचे पोट फुगते आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गुंगीसाठी झायलाझिन वापरतात. गोवंश या औषधाला इतका संवेदनशील आहे की घोड्याच्या मात्रेचा सुमारे दशांश त्याला पुरतो. शिंगाचा मज्जातंतू डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे बूड यांच्या मध्यावर, कपाळाच्या हाडाच्या कडेखालून जातो. तेथे दोन टक्के लिग्नोकेन देऊन आणि बुडाभोवती वर्तुळाकार टोचून जागा बधिर करतात. त्यानंतर बुडाभोवती त्वचा छेदून तिचे दोन पदर मोकळे करतात, रक्तवाहिन्या बांधतात आणि तारेच्या करवतीने शिंग कपाळाच्या हाडालगत कापतात.

येथपर्यंतचे काम साधारण शल्यचिकित्सकही करतो. विशेषज्ञाचा खरा भाग यानंतरचा आहे. शिंग काढल्यावर कपाळाचे विवर उघडे पडते. त्यात दिव्याच्या उजेडात पाहून, रोगट अस्तराचा कोणताही अंश मागे न ठेवता, निरोगी सीमा लागेपर्यंत तो साफ करावा लागतो. अस्तराचा लहानसा रोगट तुकडा राहिला तरी त्याच जागी रोग पुन्हा येतो. मग त्वचेचे पदर ताण न देता शिवतात आणि पट्टी दुसऱ्या शिंगाभोवती आठच्या आकड्यात फिरवून बांधतात, म्हणजे ती बैलाने डोके झटकल्यावरही सुटत नाही. काढलेले शिंग फेकून न देता त्याच्या बुडाच्या कडेचा तुकडा पुन्हा फॉर्मॅलिनमध्ये पाठवावा. छेदन पुरेसे झाले की नाही, हे त्यावरून कळते.

औषधोपचाराचे स्थान दुय्यम आहे. व्हिन्क्रिस्टीन हे पेशीविभाजन रोखणारे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून, प्रति किलो वजनास ०.०२५ मिलिग्रॅम या प्रमाणात, शस्त्रक्रियेच्या जोडीने वापरले गेले आहे. चारशे किलोच्या बैलास एका वेळी दहा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या दहा कुप्या लागतात. शिरेबाहेर सांडल्यास ते ऊतक जाळते. देणाऱ्याने हातमोजे घालणे आणि गर्भवती स्त्रीने ते औषध व त्या काळातील बैलाचे मलमूत्र हाताळणे टाळणे अनिवार्य आहे. अँटिमनीच्या औषधांचा आणि अर्बुदाच्याच अर्कापासून केलेल्या लसींचाही प्रयोग भारतात झाला आहे. समूळ छेदनाची जागा यांपैकी कोणीही घेतलेली नाही.

८. तुलना : सोबतीचा प्राणी

कुत्र्याच्या बाबतीत उपचारांचा हा क्रम उलटतो. यवतमाळ शहरातील आणि गावोगावच्या मोकळ्या कुत्र्यांत जननेंद्रियांचे संक्रामक अर्बुद नेहमी पाहायला मिळते. हा वैद्यकातील एक अपूर्व रोग आहे : त्यात जंतू संक्रमित होत नाही, अर्बुदाची जिवंत पेशीच समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या अर्बुदाच्या पेशीत साठांच्या आत. कारण ती रोगी कुत्र्याची पेशीच नव्हे, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशीची ती संतती आहे. रशियन पशुवैद्यक नोव्हिन्स्की याने १८७६ मध्ये हे अर्बुद एका कुत्र्यातून दुसऱ्यात रोपून दाखवले. अर्बुदाच्या रोपणाचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो, आणि तो एका पशुवैद्यकाच्या हातून झाला आहे.

या रोगात शस्त्रक्रिया दुय्यम आणि व्हिन्क्रिस्टीन मुख्य. त्याच मात्रेने पंधरा किलोच्या कुत्र्याला एक मिलिग्रॅमच्या कुपीचा अर्धा भागही लागत नाही. आठवड्याला एक अशी साधारण तीन ते सहा इंजेक्शने पुरतात आणि बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात. निश्चितीही सोपी आहे : अर्बुदावर काच टेकवून घेतलेला ठसा गिम्सा रंगाने रंगवला की गोल, पोकळ्यांनी भरलेल्या पेशी दिसतात. थायलेरिया या परजीवीसाठी रक्त तपासणारा सूक्ष्मदर्शक जेथे आहे तेथे हे निदान होऊ शकते. म्हणजे हा कर्करोग जिल्ह्याबाहेर न जाता, पहिल्या तीन कार्यांसह, तालुक्यातच बरा होण्याजोगा आहे. सोबतीच्या प्राण्याचा स्वतंत्र विचार येथे केला तो यासाठी.

कुत्रीच्या स्तनातील गाठीविषयी एवढेच पुरे : त्यांपैकी जवळपास निम्म्या मारक असतात, मांजरीत त्याहून पुष्कळ अधिक, गाठ लहान असतानाच काढणे आणि तपासणीस पाठवणे हाच मार्ग आहे. पहिल्या माजाआधी केलेली नसबंदी या रोगाचा धोका बराच घटवते, असे दीर्घकाळ मानले गेले आहे.

९. असाध्य रोगी

प्रत्याख्येय बैलाबाबत विशेषज्ञाचे कर्तव्य संपत नाही, बदलते. त्याचे तीन भाग आहेत.

पहिला वेदनाशमनाचा. येथे औषधाची निवड केवळ त्या बैलापुरती राहत नाही. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचे कलेवर खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. जो बैल काही आठवड्यांत मरणार हे ठाऊक आहे, त्याच्याबाबत हा विवेक सर्वांत अधिक पाळला पाहिजे.

दुसरा जखमेचा. अळ्या काढून जखम रोज धुणे, माश्या रोखणे, दुर्गंधी कमी ठेवणे. अळ्यांवर शेतातले कीटकनाशक ओतू नये. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात माणसे दगावली. तेच विष उघड्या जखमेतून बैलाच्या रक्तात जाते.

तिसरा भाग मालकाशी बोलण्याचा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीस बंदी असल्याने असाध्य बैल शेवटपर्यंत मालकाच्याच दारी राहतो. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात असह्य यातनेतील प्राण्याविषयी तरतूद आहे आणि तीत पशुवैद्यकाच्या मतास स्थान आहे. म्हणून अशा बैलाची अवस्था, तारीख आणि मत लेखी नोंदवणे हे विशेषज्ञाचे काम आहे. ते तोंडी सांगून भागत नाही. मालकालाही आशा आणि खर्च या दोहोंविषयी स्पष्ट बोललेले हवे असते. उपचाराने बैल वाचणार नसेल तर तसे पहिल्याच भेटीत सांगावे.

१०. चौथे कार्य : अनुवर्तन

सर्वांत उपेक्षित कार्य हेच. टाके साधारण दहा-बारा दिवसांनी निघतात आणि तेथे बहुतेक नोंदी संपतात. रोग मात्र पुढील महिन्यांत परततो. म्हणून पहिले सहा महिने दरमहा जखमेची जागा, त्या बाजूची नाकपुडी, कानाखालची ग्रंथी आणि दुसरे शिंग पाहावे. हे काम नागपूरच्या शल्यचिकित्सकाला शक्य नाही. गावच्या पर्यवेक्षकाला शक्य आहे, जर शस्त्रक्रियेची चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचली तर. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकालाही ही भेट देता येते. जखम पूर्ण भरल्यावर एकशिंगी बैल जुवाखाली पूर्ववत चालतो. त्याची बाजारातली किंमत उतरते, कामाची क्षमता उतरत नाही, हे मालकास शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितले तर दुसऱ्या अवस्थेतील बैल घरी परत नेण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते.

चारही कार्यांचा विचार केल्यावर असे दिसते की यवतमाळात तिसरे कार्य करणारे हात दीडशे किलोमीटरच्या आत उपलब्ध आहेत. उणीव पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कार्यांत आहे. नवे रुग्णालय बांधण्याआधी ही उणीव थोड्या खर्चात भरून काढता येते : पर्यवेक्षकांना शिंगाची परीक्षा शिकवावी, प्रत्येक दवाखान्यात फॉर्मॅलिनच्या बाटल्या ठेवाव्यात, आणि शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक बैलाची नोंद त्याच्या गावच्या दवाखान्यास कळवावी.

मालकांना एकच विनंती आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला प्रत्येक बैल धुतला जातो आणि घरातल्या माणसाचा हात त्याच्या मानेवरून, शिंगांवरून फिरतो. त्या दिवशी दोन्ही शिंगे बुडाशी ठोकून नाद ऐकावा, दोन्ही नाकपुड्या पांढऱ्या कापसाने पुसून पाहाव्यात, आणि दोहोंत फरक आढळल्यास पोळा झाल्यावर हंगाम संपण्याची वाट न पाहता बैल दवाखान्यात दाखवावा.